बावनच्या क्लिपा

गाडीत बसणाऱ्याला रूळ म्हणजे नुसतं लोखंड वाटतं. त्या लोखंडातून वीज खेळत असते हे त्याला कुणी सांगत नाही, आणि आमचं काम नीट चाललं असेल तर त्याला कळायचं कारणही नाही. दोन रुळांत थोडासा करंट सोडलेला असतो. गाडी आली की तिची चाकं दोन्ही रूळ जोडून टाकतात आणि स्टेशनमास्तरच्या खोलीतल्या पॅनेलवर लाल पट्टी उमटते, की बाबा, इथं गाडी उभी आहे. हा करंट रुळापर्यंत आणणारी वायर करंगळीएवढी जाड असते. ती रुळाच्या तळाला क्लिपांनी घट्ट धरून ठेवावी लागते. सुटली तर हादऱ्यानं घासते, घासली तर तुटते. तुटली की पॅनेलला वाटतं गाडी उभी आहे, आणि सिग्नल लाल होऊन बसतात. बिघडायचंच असेल तर कुणाचा जीव जाणार नाही अशा बाजूला बिघडायचं, असं हे यंत्र बनवलंय. बनवणाऱ्याला मी मनातून सलाम करत आलोय. माणसं तशी बनवलेली नाहीत. निदान मी तरी नाही.

माझं नाव मुज्तबा. घर नांदेडला, इतवाऱ्यात. अब्बा घड्याळं दुरुस्त करायचे, मी रेल्वेत सिग्नल सांभाळतो. एकतीस वर्षं झाली, अजून एकही चार्जशीट नाही, आणि हे मी भेटेल त्याला सांगत असे. बोरसुळी हे लातूरच्या अलीकडचं बारकं स्टेशन. तीन लाइनी, पंचाक्षरी मास्तर, एक चहाची टपरी, आणि फाट्यावर वाजिदचं पंक्चरचं दुकान. वाजिदचं दुकान मुद्दाम सांगितलं, पुढं लागेल.

तीन-साडेतीन वर्षांपूर्वी इथले रूळ बदलले. आधी बावन किलोचे होते, म्हणजे एक मीटर रुळाचं वजन बावन किलो. त्याजागी साठ किलोचे आले. जड रूळ, तळ बोटभर जास्त रुंद. जुन्या क्लिपा त्याला बसत नाहीत. मी साठच्या क्लिपा मागितल्या. आठ महिन्यांनी पोतं आलं, उघडून बघतो तर बावनच्या. परत लिहिलं. परत बावनच्याच आल्या, या खेपेला दोन पोती. कुठल्या तरी गोदामात कुणाच्या तरी यादीत बोरसुळी अजून बावनचीच आहे, आणि ती यादी कुणाच्या टेबलावर असते ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. रूळ बदलणारं खातं वेगळं, वायरीचं वेगळं. ते म्हणाले, रूळ आम्ही बदलला, वायर तुमची तुम्ही बघा.

तेव्हा माझा हेल्पर अमरेश होता, हदगावकडचा. तो वायर सुतळीनं बांधायचा. सुतळी पावसात कुजते, मग परत बांधायची. एका ऑगस्टमध्ये त्यानं रुळाकडेच्या लोखंडी बॉक्समध्ये हात घातला आणि आत घोणस होती. लातूरला पोचेपर्यंत हात खांद्यापर्यंत काळा पडला होता. तिसऱ्या दिवशी गेला. चांगला पोरगा होता, कामात हसत असायचा. अजूनही बॉक्स उघडताना मी आधी पान्यानं ठोकतो आणि प्रत्येक वेळी तो आठवतो.

ड्यूटीवर जीव गेलेल्या माणसाच्या घरात एकाला नोकरी मिळते. त्या एका नोकरीवरून घरं फुटलेली मी बघितली आहेत. अमरेशच्या धाकट्या भावाला ती हवी होती, आणि गावातले चार लोकही त्याच्याच बाजूचे होते. पण त्याची आई, धुरपताबाई, साहेबांसमोर एवढंच म्हणाली, "जो गेला तो हिचा नवरा होता. नोकरी हिलाच द्या." ही म्हणजे दामिनी, अमरेशची बायको. धाकट्यानं त्या दिवसापासून दोघींशी बोलणं टाकलं आणि हदगावच्या घराला नवं कुलूप घातलं. दामिनी सासूला आणि नऊ वर्षांच्या श्रद्धाला घेऊन बोरसुळीच्या क्वार्टरमध्ये राहायला आली. परत जायला तिला जागा उरली नव्हती, हे आमच्या स्टेशनात सगळ्यांना ठाऊक होतं. दोन वर्षं प्रोबेशन, ते पार पडलं की कायम.

खरं सांगतो, ती आली तेव्हा मी कपाळाला हात लावला होता. बाईमाणूस, खडीवरून रोज सहा किलोमीटर चालणार कसं, पान्याला जोर लावणार कसं. पहिल्या महिन्यात मी तिला बॅगसुद्धा उचलू दिली नाही. दुसऱ्या महिन्यात ती एक फाटकी ट्यूब घेऊन आली, मोटारसायकलची, वाजिदकडून मागून आणलेली.

"भाई, सुतळी कशाला बांधून राहिलात? हे बघा."

तिनं ट्यूबच्या बोटभर रुंद पट्ट्या कापल्या होत्या. रुळाखालची खडी हातानं उकरली, पट्टी तळाखालून दोनदा फिरवून वायरीवर ताणली आणि वर एक गाठ मारली. तशी गाठ मी कधी बघितली नव्हती. हदगावकडं बायका कापसाचं गाठोडं असंच बांधतात म्हणे. बैलगाडीत कितीही आदळलं तरी सुटत नाही, जितकं ओढाल तितकी आवळते.

"मला शिकव," मी म्हणालो.

"शिकवते की. पर तुमच्यानं व्हायची न्हाई. बोटं जाड हायत तुमची."

तिचं खरं निघालं. मी मारलेली गाठ चार गाड्यांत सैल व्हायची. वर्षभरात सगळं यार्ड तिच्या हातानं ट्यूबवर गेलं, आणि त्या वर्षात बोरसुळीला वायर तुटून एकदाही सिग्नल अडला नाही. राघवेंद्र साहेब, आमचे इंजिनिअर, लातूरला बसतात. त्यांनी एकदा वाकून ट्यूब ओढून बघितली, म्हणाले, "नियमात नाही बसत. पण चालू द्या." हे अर्थातच तोंडी.

या वर्षी मे महिन्यात राघवेंद्र साहेबांचा फोन आला. वरचे मोठे साहेब लाइन बघायला येणार होते, बोरसुळीला उतरून यार्डात चालणार होते.

"मुज्तबाभाई, त्या ट्यूबा दिसता कामा नयेत. क्लिपा पडल्यात ना तुमच्याकडे?"

"साहेब, बावनच्या आहेत."

"प्लॅटफॉर्मसमोरच्या पट्ट्यात तेवढ्या लावून टाका. ते काय मोजपट्टी घेऊन येणार आहेत?"

दामिनीला कायम व्हायला चार महिने राहिले होते. मी तिला निरोप सांगितला तेव्हा ती पोत्यातली एक क्लिप रुळाला लावून बघत बसली.

"भाई, हे बसत न्हाई. ठोकून बसवलं तर ताणून राहतंय. दुपारचं ऊन लागलं की उडंल, न्हाईतर वायरीत रुतंल."

"चार दिवसांचा प्रश्न आहे. साहेब गेले की परत ट्यूब बांधू."

"मग वरून ट्यूब बी राहू द्या की."

"ट्यूबच दिसायला नकोय त्यांना."

तिनं ब्लेड काढलं. तिच्या गाठी सुटत नाहीत, ब्लेडनं कापाव्या लागतात. तिनं आपल्या हातानं बेचाळीस गाठी कापल्या आणि मी मागून हातोडीनं बेचाळीस क्लिपा ठोकत गेलो. प्रत्येक क्लिप बसताना क्लिपचे दोन्ही वाकडे कान ताणले जात होते. लोखंड नको म्हणत असलं की हाताला कळतं, एकतीस वर्षांच्या हाताला तर कळतंच. तरी ठोकल्या.

मोठे साहेब आले. पंधरा-वीस पावलं चालले, सिग्नलच्या खांबाचा रंग बघितला, वायरींकडं बोट करून "नीटनेटकं आहे" म्हणाले आणि गाडीत चढले. राघवेंद्र साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मला बरं वाटलं, ते लपवून काय करू. संध्याकाळी दामिनीनं विचारलं, उद्या ट्यूबा बांधायच्या ना. मी हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी पुढच्या स्टेशनावर गाडीला लाइन बदलून देणारी पॉइंटची मोटर बंद पडली, दोन दिवस तिकडं गेले. मग शुक्रवार आला, मी जुम्म्यासाठी नांदेडला गेलो आणि रविवारी परतलो. असा एकेक दिवस गेला. यात कुणाचा हात नव्हता, माझा आळस होता.

सोमवारी दुपारी पावणेतीनला पॅनेलवर लाल पट्टी उमटली आणि हलेना. बेचाळीस डिग्री ऊन होतं. एक्स्प्रेस बाहेरच्या सिग्नलला, आउटरला उभी राहिली. आम्ही दोघं रुळाच्या कडेनं वाकून बघत धावलो. दामिनीला वीस मिनिटांत सापडलं. एक क्लिप ताणून ताणून तडकली होती. तिचा अर्धा भाग रुळाला तसाच चिकटून होता आणि त्याची धार प्रत्येक गाडीच्या हादऱ्यानं वायरीत उतरत गेली होती. तांबं पार तुटलं होतं.

वायर कापून नवी जोडायला, तपासायला वेळ लागला. गाडी एक तास पन्नास मिनिटं उभी होती. आतल्या कुणीतरी उतरून मोबाइलवर आमचं शूटिंग केलं आणि टाकून दिलं जगापुढं. जोडलेली वायर धरून ठेवायला काहीतरी हवं होतं. मी हातात बावनची क्लिप घेतली. दामिनीनं माझ्याकडं नुसतं बघितलं, बॅगेतून ट्यूबची पट्टी काढली आणि गाठ मारली. मग तुटलेल्या क्लिपचा तुकडा पुसून माझ्या हातात दिला.

"हे ठेवा भाई. उद्या विचारतील, तवा लागंल."

मी तो शर्टच्या खिशात ठेवला.

त्या संध्याकाळी सुमय्याचा फोन आला, माझी बायको, नांदेडहून. म्हणाली, "आवाज ऐसा क्यूं है जी? खाना नै खाए क्या?" मी खाया म्हणालो. पातेलं तसंच झाकलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकशीला तीन खात्यांचे तीन जण आले. आमच्याकडून राघवेंद्र साहेब. त्यांनी आधी जाऊन जागेचे फोटो काढले. फोटोत काय आलं? जिथं वायर तुटली होती नेमकं तिथं एक काळी ट्यूब बांधलेली. मी सांगायला तोंड उघडलं तसं त्यांनी मला कोपराला धरून पाण्याच्या टाकीमागं नेलं.

"भाई, नीट ऐका. क्लिप तुटली असं लिहिलं तर पहिला प्रश्न येतो, साठच्या रुळाला बावनची क्लिप ठोकली कुणी. तुम्ही. सांगितलं कुणी. मी. तुमच्या रिटायरमेंटला अडीच वर्षं आहेत, एकतीस वर्षांत डाग नाही. ट्यूब म्हटलं तर विषय हेल्परवर संपतो."

"तिचं प्रोबेशन आहे साहेब. चार महिने राहिलेत."

"म्हणूनच. नवीन आहे, चूक झाली, ताकीद देतील नि सोडतील. मी बोलतो वर. बाईमाणूस आहे, कुणी कठोर होत नाही."

मला ताकीद या शब्दावर विश्वास ठेवायचा होता, म्हणून मी ठेवला. टाकीमागून चालत परत येईपर्यंत मी स्वतःला पटवूनही दिलं होतं की यात तिचंही फार बिघडत नाही.

मास्तरच्या खोलीत सगळे बसले. दामिनी दाराशी उभी होती, पदर कमरेला खोचलेला, हाताला तेल. रूळ बदलणाऱ्या खात्याचे साहेब म्हणाले, "ही ट्यूब कुणी बांधली?"

"मी बांधली."

"यार्डात इतर ठिकाणीसुद्धा?"

"व्हय. सगळीकडं मीच बांधली."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

तिनं माझ्याकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत ना आरोप होता ना विनवणी. कामात एकानं वायर धरली की दुसरा पाना पुढं करतो, तशी ती माझी वाट बघत होती, कारण आता माझी पाळी होती. तिला त्यात काही शंका नव्हती. क्लिपचा तुकडा माझ्या खिशात होता आणि त्याची धार शर्टातून छातीला टोचत होती.

"मुज्तबाभाई, तुमची परवानगी होती?" साहेबांनी विचारलं.

"मला एवढी कल्पना नव्हती," मी म्हणालो.

पंचाक्षरी मास्तरनं मान खाली घातली आणि उगाच पेनाचं टोपण काढलं, लावलं. तो रोज त्या खिडकीतून आम्हा दोघांना ट्यूबा बांधताना बघायचा. दामिनीनं नजर माझ्यावरून काढली आणि समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडं नेली. त्यानंतर तिला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला तिनं व्हय म्हटलं. कागदावर लिहिलं गेलं की मंजुरी नसलेलं साहित्य वापरून वायर बांधल्यामुळं ती सुटली व तुटली. खाली चौघांच्या सह्या, त्यातली दुसरी माझी. सही माझी नेहमीच चांगली येते, त्या दिवशीही चांगली आली.

ताकीद आली नाही. जूनच्या शेवटी एका पानाचं पत्र आलं. प्रोबेशनच्या काळातलं काम समाधानकारक नसल्यानं सेवा संपवण्यात येत आहे, क्वार्टर महिनाभरात खाली करावं. मी राघवेंद्र साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "भाई, मी बोललो होतो वर. व्हिडिओमुळं प्रकरण मोठं झालं." मग म्हणाले, दुसरा फोन येतोय.

मी नांदेडला जाऊन एका वकिलाला भेटलो, पण त्याच्या समोर बसल्यावर मला उमगलं की तिला सोडवणारी गोष्ट एकच आहे आणि ती मी सांगितल्याशिवाय कुणी सांगू शकत नाही. वकिलानं विचारलं, तुम्ही साक्ष द्याल का. मी विचार करून सांगतो म्हणालो. ते विचार करणं अजून चाललंय.

क्वार्टर खाली करायच्या दिवशी मी गेलो. जाऊ नये असं वाटत होतं, पण न जाणं त्याहून वाईट दिसलं असतं, आणि दिसण्याची मला फार पर्वा आहे हे आता कळून चुकलंय. टेम्पोत दोन पेट्या, शिलाई मशीन, श्रद्धाची सायकल. हदगावचं दार बंदच होतं. नायगावला कुणा लांबच्या मावशीकडं एक खोली मिळत होती, तिथं चालल्या होत्या. धुरपताबाई टेम्पोत पुढं बसली होती. मी सलाम केला. तिनं माझ्याकडं बघितलं आणि सुनेला म्हणाली, "चल बाई, ऊन चढायलं."

दामिनीनं कामाची बॅग माझ्यापुढं ठेवली. पाने पुसून ठेवले होते, ट्यूबच्या पट्ट्यांची गुंडाळी एका बाजूला नीट.

"ती क्लिप हाय का भाई तुमच्याकडं?"

"हरवली," मी म्हणालो.

"बरं." तिनं सायकलची दोरी ओढून बघितली, परत एक वेढा दिला. "आउटरकडल्या बाजूला तीन ट्यूबा सैल झाल्यात, उन्हानं. तेवढ्या बघा. गाठ मारायच्या आधी पट्टी पुसत जा, तेल असलं की तुमची गाठ सरकतीया."

टेम्पो गेला. मी आउटरला जाऊन त्या तीन पट्ट्या बघितल्या. खरंच सैल होत्या. मी पुसून परत बांधल्या. दोन दिवसांनी बघितलं तर माझ्या तिन्ही सुटल्या होत्या, आणि शेजारच्या तिच्या जशाच्या तशा होत्या.

दुसरा हेल्पर अजून आलेला नाही. क्लिपांचं पोतं आलं, गेल्या आठवड्यात. बावनच्या. पंचाक्षरी मास्तर मला आता चहाला हाक मारत नाही, मीही जात नाही. वाजिद फाट्यावर भेटला की विचारतो, "भाई, ट्यूब लगती क्या?" मी नको म्हणतो.

काल राघवेंद्र साहेबांचा फोन आला. पुढच्या मंगळवारी मोठे साहेब परत येणार आहेत, या वेळी अख्खं यार्ड चालणार. त्या घटनेनंतर बोरसुळीकडं त्यांचं लक्ष आहे. एकसुद्धा ट्यूब दिसता कामा नये.

"साहेब, बावनच्या क्लिपा..." मी म्हणालो.

"भाई," ते म्हणाले. मग मी जी साहेब म्हणालो.

आज सकाळी सातला यार्डाच्या एका टोकापासून सुरुवात केली. तडकलेली क्लिप अजून माझ्या खिशात आहे, रोज शर्ट बदलताना या खिशातून त्या खिशात जाते. एका हातात ब्लेड, दुसऱ्या हातात हातोडी. तिच्या गाठी वर्ष-दीड वर्ष ऊन-पावसात राहिल्या, तरी एकही नखानं सुटली नाही. दुपारच्या गाडीच्या आत मी सगळ्या कापल्या.